मानेतला आवाज

पुढचे चाक नसलेली सायकल उभी कशी राहते, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, मित्रांनो. ती भिंतीला टेकून उभी राहते. माझी तीच गत आहे. पेडणे तालुक्यात कोरगाव नावाचे गाव आहे. तिथे माझ्या मालकाच्या, जयरामच्या, घरामागे एक खोप आहे. खोपीत एका बाजूला काजूची सुकी लाकडे, दुसऱ्या बाजूला नारळाची सोडणे, म्हणजे वरची सुकी सालटे, आणि मधल्या जागेत मी. माझ्या सीटवर एक कोंबडी बसते. तिला मी काही म्हणत नाही, कारण माझ्यावर बसणारे आता दुसरे कोणी राहिलेले नाही.

मी जुनी आहे, पण म्हातारपणाने मोडले नाही. मोडले तेव्हा माझ्यात आणखी पुष्कळ वर्षे चालायचे बळ होते. मला एक दुखणे जडले होते. ते मी रोज ओरडून सांगत होते. ते फक्त एकाला कळले, आणि त्या एकाचे कोणी ऐकले नाही. त्याचीच ही हकीगत आहे. तिचा शेवट गोड नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर मला बोल लावायला नको.

माझा जन्म दूर पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारख्याच शेकडो बहिणी रांगेने टांगलेल्या असत. आम्हाला काळा रंग दिला, वर सोनेरी रेघा ओढल्या, आणि गवतात गुंडाळून आगगाडीत घातले. म्हापशाच्या एका दुकानात माझे गवत सोडले गेले. गोवा मुक्त होऊन तीन-चार वर्षे झाली होती. शुक्रवारच्या बाजाराला आलेली माणसे दुकानात शिरत, माझी घंटी वाजवून पाहत आणि निघून जात. जयरामही असाच तीन शुक्रवार घंटी वाजवून गेला. चौथ्या शुक्रवारी तो मला घेऊन गेला. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. घरी पोचल्यावर त्याच्या बायकोने, सुमंगलाने, माझ्या हँडलाला हळदकुंकू लावले आणि मागच्या चाकाला पाणी घातले. नव्या सुनेला घरात घेतात त्याच मानाने मला घरात घेतले, असे मला वाटले होते.

जयरामकडे थोडे भात होते, थोडे काजू होते आणि दोन म्हशी होत्या. गावात ज्यांच्या घरी गुरे होती त्यांचे दूध गोळा करून तो सकाळी पेडण्याला डेअरीच्या केंद्रावर पोचवायचा. दोन मोठे कॅन माझ्या कॅरियरला दोन्ही बाजूंना, आणि धाकटा कॅन पुढे हँडलाला. एवढे वजन घेऊन मी घाटी चढायचे आणि उतरायचे. गावातले लोक म्हणायचे, जयरामची सायकल म्हणजे बैल आहे. तेव्हा मला फार बरे वाटायचे. आज वाटते, त्या हँडलाला लावलेल्या धाकट्या कॅनकडे कोणीतरी जरा संशयाने पाहायला हवे होते.

पुढे गौरेश झाला. तो चालायला लागल्यावर जयराम त्याला पुढच्या दांडीवर बसवून पेडण्याला न्यायचा. येताना कॅन रिकामे असत. गौरेश हात मागे वळवून, नाहीतर पुढे वाकून, त्या रिकाम्या कॅनवर बोटे आपटायचा. आधी नुसता धांगडधिंगा होता. हळूहळू त्यात ठेका आला. माझी चेन ज्या लयीत फिरे त्या लयीत त्याची बोटे पडू लागली. जयराम हसून म्हणायचा, दूध फाटेल रे, जरा बेताने वाजव. पण तो मुद्दाम सावकाश पायडल मारायचा, म्हणजे घर जरा उशिरा यावे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले दिवस तेच.

मुलगा पुढे खरोखरीच्या तबल्यावर आला. पेडण्याचे एक गुरुजी त्याला शिकवू लागले. देवळातल्या भजनाला, जत्रेतल्या दशावताराला त्याला बोलावणी येऊ लागली. संध्याकाळी तो ओसरीवर रियाजाला बसला की सुमंगला चुलीपुढून ऐकायची आणि भाकरी थापताना तिचे हात आपोआप त्याच्या ठेक्यावर पडायचे. जयराम बोलून दाखवायचा नाही. पण अंगणात आम्ही आलो आणि आत तबला चालू असला, तर तो मला हलकेच स्टँडवर लावायचा, खाडकन आवाज होऊ नये म्हणून.

आता त्या वाटेची गोष्ट सांगायला हवी. कोरगावहून पेडण्याला जाताना एक उतार लागतो. उताराच्या वळणावर काजऱ्याचे झाड आहे आणि त्याच्या बुंध्याशी चिऱ्याचा एक दगड आहे. तो राखणदार. त्या वाटेचा तो मालक, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. त्याच्या समोरून कोणी गाडीवर बसून जात नाही. खाली उतरायचे, हात जोडायचे आणि वळण संपेपर्यंत चालत जायचे, असा शिरस्ता आहे. नवी मोटारसायकलवाली पोरे तेव्हा नुसताच छातीला हात लावून पुढे जाऊ लागली होती. जयराम मात्र रोज उतरायचा. तो उतार गावातला सगळ्यांत उभा उतार. तिथे मला हाताने धरून नेत असल्यामुळे माझ्या पुढच्या ब्रेकवर सगळा भार कधी पडला नाही. राखणदार आहे की नाही हे मला लोखंडाच्या वस्तूला काय कळणार? पण त्या शिरस्त्याने माझी मान इतकी वर्षे जपली, एवढे खरे.

एकदाच जयरामने तो मोडला. काजूचे दिवस होते. एका म्हशीने दूध द्यायला उशीर केला, उन्हे वर आली, दूध नासेल या धास्तीने जयराम निघाला, आणि वळणावर न उतरता त्याने नुसती मान लववली. वळण संपते तिथे रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी खड्डा होता. भरल्या कॅनसकट माझे पुढचे चाक त्यात आदळले. जयराम पडला नाही. दूधही सांडले नाही. त्याने चाक फिरवून पाहिले, तारा दाबून पाहिल्या आणि तो पुढे निघाला. पण माझ्या मानेत, जिथे पुढचे चाक धरणारा चिमटा वर नळीत शिरतो तिथे, आतल्या आत एक बारीक भेग गेली होती. ती बाहेरून दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी आवाज करू लागले. टक. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टक, टक. चढाला जास्त. सपाटीला कमी. पावसाळा लागला तशी मी करकरूही लागले.

सायकलीचा आवाज शोधणे फार अवघड असते, मित्रांनो. तो येतो एका ठिकाणाहून आणि ऐकू येतो दुसरीकडून. माझे अंग पोकळ नळ्यांचे आहे. मागे काही वाजले तरी पुढे घुमते, पुढचे वाजले तर सीटखाली आल्यासारखे वाटते. म्हणून शहाण्याने घाई करू नये. केव्हा वाजते ते आधी पाहावे. पायडल मारताना की थांबल्यावर? चाक फिरताना की उभे असताना? बसल्यावर की उठल्यावर? हे एवढे विचारले तरी आवाज आपण होऊन हाती लागतो. पण माणसांना विचारण्यापेक्षा बदलून टाकणे सोपे वाटते.

तिठ्यावर बाबलीचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. बाबलीचा हात चांगला होता आणि मनही चांगले होते. त्याने कान लावला आणि पायडलाचा दोष काढला. पायडल बदलले. मी वाजत राहिले. मग त्याने पायडलाच्या दांड्याची खीळ बदलली. मग चेन. मग सीटच्या स्प्रिंगा घट्ट आवळल्या. दर वेळी जयराम मोठ्या आशेने मला घेऊन जायचा, आणि तिठा ओलांडेपर्यंत मी पुन्हा टक करायचे. त्याच्या चेहऱ्याकडे पाहवत नसे. मला काही हौस नव्हती.

दुकानाच्या बाकावर यशवंत मास्तर रोज बसलेले असत. ते शाळेत मराठी शिकवायचे. ते दिवस भाषेच्या वादाचे होते. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, यावर बाकावर रोज खडाजंगी व्हायची, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंची भांडणे घरातल्या एकाच बोलीत व्हायची. वाद रंगात आला की मध्येच कोणीतरी माझ्याकडे वळायचे. मास्तरांचे मत पडले की दोष कॅरियरच्या नटात आहे. दुसऱ्या कोणाला तो मागच्या चाकाच्या छऱ्यांत वाटला. ज्याला जे वाटे ते तो ठासून सांगे. भाषेचा निकाल लागेना आणि माझाही लागेना.

गौरेश तेव्हा कॉलेज सोडून पुरता तबल्याच्या मागे लागला होता. एका संध्याकाळी त्याने मला अंगणात घेतले. आधी तो माझ्यावर बसून नुसता फिरला. मग पायडल थांबवून उताराला सोडले. मग पायडलांवर उभा राहिला, पण हँडल न ओढता. मी गप्प. मग त्याने हँडल दोन्ही हातांनी ओढून जोर लावला. टक. शेवटी तो खाली उतरला, पुढचा ब्रेक दाबून धरला आणि मला जागच्या जागी मागेपुढे हलवले. टक, टक, टक. त्याने माझ्या मानेवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. त्याच्या हाताखाली माझे दुखणे स्पष्ट वाजत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणाचा तरी हात बरोबर जागी पडला होता. मला बोलता आले असते तर मी रडले असते.

त्याने जयरामला बाहेर बोलावले.

"बाबा, आयक. पायांनी वाजना. हात ओडले काय वाजता. आवाज हांगा आसा, मानेंत."

जयराम दिवसभराचा दमलेला होता. त्या आवाजापायी बाकावरच्या साऱ्यांचे ऐकून घेऊन तो विटला होता. त्यात कालपरवापर्यंत दांडीवर बसणारा पोर त्याला सायकल शिकवू लागला.

"तुजे कान तबल्याक दी," तो म्हणाला. "हें लोखंड."

तरी त्याने दुसऱ्या दिवशी बाबलीला विचारले. बाबलीने मान खोलायची म्हणजे काय काय करावे लागते ते सांगितले. हँडल काढायचे, ब्रेकच्या सळ्या काढायच्या, वरचे-खालचे छरे सांडणार ते वेचायचे, आणि हँडलाचा खिळा तर गंजून बसलेला. एवढे करून आत काही निघाले नाही तर? त्याने हँडल दोनदा हलवून पाहिले. हँडल घट्ट होते. मान ठणठणीत आहे, असे त्याने सांगितले आणि जयरामला तेच ऐकायचे होते.

सुमंगलाला आवाज कुठून येतो यापेक्षा तो केव्हापासून येतो हे महत्त्वाचे वाटत होते. तिने दिवस मागे मागे मोजत नेले आणि तिला ते सापडले. राखणदाराच्या समोरून जयराम न उतरता गेला, तो दिवस. ती चुकली होती असे मी म्हणणार नाही. दिवस तिने बरोबर शोधला होता. त्या दिवशीचा खड्डा मात्र तिला ठाऊक नव्हता, कारण घरी येऊन जयरामने तो सांगितलाच नव्हता.

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी मला धुऊन, झेंडूची माळ घालून वळणावर नेले. तांदळाचा जाड रोट, केळी आणि नारळ बरोबर होता. गाऱ्हाणे घालायला सगुण घाडी आला होता. गावाच्या वतीने देवापुढे बोलायचा मान त्याच्या घराण्याकडे होता. गाऱ्हाणे घालण्याआधी त्याने जयरामला विचारले की नेमके काय मागायचे ते सांग, कारण मागितलेला शब्द परत घेता येत नाही.

जयराम म्हणाला, "आवाज बंद जावंक जाय. दुसरें कितें नाका."

सगुणने हात जोडले आणि त्या मोठ्या, सावकाश आवाजात म्हटले, "बा राखणदारा, ह्या वाटेच्या धन्या, तुजें लेकरूं जयराम तुज्या पायांकडे येवन उबें आसा. ताच्या गाडयेचो जो कितें आवाज जाता, तो बंद कर, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. गौरेशही म्हणाला.

नारळ फुटला. सगुणने दिव्यातले उरलेले तेल घेऊन माझ्या मानेवर ओतले. घोड्याला जिथे थोपटतात तिथे ओतायचे म्हणून तिथे. खोबऱ्याचे ते तेल नळीतून आत झिरपले आणि भेगेत जाऊन बसले. मित्रांनो, ओली झालेली भेग वाजत नाही. घरी येताना मी एकदाही टक केले नाही.

जयरामचा आनंद मी काय सांगू? तो तिठ्यावर मुद्दाम तीन फेऱ्या मारून आला. बाबलीने हात जोडले. यशवंत मास्तरांनीही कॅरियरच्या नटाचे आपले मत मागे घेतले आणि ते क्वचितच होत असे. सुमंगला त्या दिवसापासून रोज मानेवर तेलाचे बोट लावू लागली, तिथे देवाचे तेल पडले होते म्हणून. म्हणजे माझे तोंड रोज प्रेमाने बंद केले जात होते. आत भेग हळूहळू वाढत होती आणि मला ते सांगण्याची एकच वाट होती, ती बुजली होती.

गौरेशने दोन-चार वेळा माझ्या मानेवर हात ठेवून पाहिला. काही लागले नाही. ज्याचे कान सगळ्यांत चांगले, तोच शांततेने फसला. त्यानेही तो विषय सोडून दिला, कारण त्याला तेव्हा दुसरेच वेध लागले होते. पणजीच्या रेडिओवर वादनाच्या चाचणीसाठी त्याला बोलावणे आले होते. पास झाला तर त्याचे नाव रेडिओवरून सांगितले जाणार होते. सुमंगलाने शेजारणींना ते इतक्यांदा सांगितले की शेजारणी तिला पाहून दुसरीकडे वळू लागल्या. जयराम एके दिवशी पेडण्याहून येताना नवा रेडिओ घेऊन आला. तो अजून लावायचा नाही, गौरेशच वाजला की लावायचा, असे त्याने ठरवले आणि खोक्यातच ठेवला.

चाचणीचा दिवस उजाडला तेव्हा सारा गोवा भाषेवरून तापला होता. कुठे मोर्चे, कुठे रस्त्यावर झाडे आडवी घातलेली. कोरगावची बस आली नाही. गुरुजींनी पेडण्याहून एक जीप ठरवली होती. आतल्या रस्त्यांनी ती पणजीला जाणार होती, आणि गौरेशने वेळेवर पेडण्यात पोचावे, एवढेच काय ते बाकी होते. त्याने तबला आणि डग्गा चादरीत बांधून माझ्या कॅरियरवर आवळले. सुमंगलाने हातावर दही दिले. जयरामने माझ्या चाकांत हवा भरली आणि हँडलावरून फडके फिरवले. मग तो मुलाला म्हणाला, सावकाश जा. गौरेश हसला आणि निघाला.

वळणावर तो उतरला नाही. उशीर झाला होता. त्याने उजवा हात छातीला लावला, डोके लववले आणि मला उताराला सोडले. पुढे रस्त्यात म्हशी बसल्या होत्या. त्याने हात परत हँडलावर आणून पुढचा ब्रेक दाबला. तो उभा उतार, मागे तबल्याचे वजन, आणि सगळा भार माझ्या मानेवर. इतकी वर्षे तिथे मला हाताने धरून नेत होते. मी मोडले. टक झाले नाही, करकर झाली नाही. एकदाच मोडले. पुढचा चिमटा चाकासकट माझ्यापासून सुटला आणि मी त्याला घेऊन पालथी पडले. त्याने पडताना उजवा हात पुढे टेकला.

म्हशी शोधत आलेल्या सगुणला तो तिथे सापडला. तबला घरंगळत काजऱ्याच्या बुंध्याशी जाऊन थांबला होता. त्याला साधा ओरखडाही आला नव्हता.

गौरेशचे मनगट चुरले होते. म्हापशाच्या डॉक्टरांनी जोडता आले तेवढे जोडले. पुढे प्लास्टर निघाले, त्या हाताने तो जेवू लागला, बटणे लावू लागला. पण उजव्या हाताची मधली दोन बोटे पुन्हा नीट उठली नाहीत. महिनोन्‌महिने तो ओसरीवर तबल्यापुढे बसायचा. पहिला बोल निघे, दुसरा निघे, आणि तिसऱ्याच्या जागी काहीच येत नसे. आत सुमंगला भाकरी थापता थापता थांबायची. एक दिवस त्याने तबला चादरीत बांधून माळ्यावर ठेवला, आणि त्यानंतर त्या घरात कोणी मोठ्याने बोललेही नाही.

अपघातानंतर बाबली मला बघायला आला होता. त्याने मोडलेला चिमटा उचलून उजेडात धरला. मोडलेल्या जागी निम्मे लोखंड नव्यासारखे पांढरे चमकत होते आणि निम्मे जुन्या गंजाने तांबडे, वर तेलाने काळे पडलेले होते. बाबलीला कळायचे ते कळले. मग तोंड लपवून पळण्याऐवजी तो जयरामकडे गेला, याबद्दल मी त्याला मानते.

"जयरामा," तो म्हणाला, "हें त्या दिसाचें मोडलेलें न्हय. अर्दें आदींच मोडलेलें. गौरेश सांगतालो थंयच. म्हजी चूक."

जयरामने त्या चिमट्याकडे पाहिले नाही.

"पोर राखणदारामुखार गाडयेवयल्यान देंवलो ना," तो म्हणाला. "आनी हांवें आवाज बंद कर म्हण मागलें. ताणें बंद केलो. आमच्या घरचोय केलो. तूं वच आतां, बाबली."

बाबली गेला. मी तिथेच होते, आणि मला त्या माणसाच्या मनातले दिसत होते. राखणदाराचा राग त्याला सोसत होता. देवाचा कोप माणूस डोक्यावर घेऊन जगू शकतो. पण मुलाने अंगणात बोलावून, हात ठेवून, जागा दाखवली होती आणि आपण ऐकले नाही, हे त्याला सोसणार नव्हते. म्हणून त्याने ते ऐकलेच नाही. त्याने मला खोपीत आणून टेकवले, चिमटा आणि चाक कोपऱ्यात टाकले आणि वर सोडणे रचली.

काही महिन्यांनी गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला. तिठ्यावर फटाके वाजले, मुलांना पेढे वाटले. यशवंत मास्तर पेढे घेऊन जयरामकडेही आले, आणि सुमंगलाने ते देवापुढे ठेवले. नवा रेडिओ खोक्यातच होता. गौरेश पुढे पेडण्याला एका कापडाच्या दुकानात लागला. डाव्या हाताने तो मीटर धरतो आणि उजव्याने जमेल तसे कापड ओढतो. दूध आता टेम्पो नेतो.

त्यानंतर पुष्कळ वर्षे गेली. परवा दुपारी गौरेश लाकडे न्यायला खोपीत आला. लाकडे घेता घेता थांबला, कोंबडीला हुसकले आणि माझ्या मानेवर तो वाकडा हात ठेवला. हँडल थोडे इकडे, थोडे तिकडे फिरवले. जयराम दारात उभा होता हे त्याला ठाऊक नव्हते. जयरामचे केस पिकले आहेत आणि पाठ वाकली आहे. तो आत आला. माझ्याजवळ यायला त्याला वेळ लागला. वाट लांब होती म्हणून नव्हे.

"खंय वाजतालें रे?" त्याने विचारले.

गौरेशने डाव्या हाताने वडिलांचे बोट धरले आणि माझ्या मानेवर, नळी आणि चिमटा मिळत होते त्या जागी, नेऊन ठेवले. जयरामने बोट तिथे दाबून धरले. तो ऐकत होता. मी जीव तोडून वाजायचा प्रयत्न केला असता, पण वाजायला खाली काही उरलेच नव्हते.

"आतां वाजना, बाबा," गौरेश म्हणाला.

मित्रांनो, सायकलीला तेल घाला, तिला पावसात उभी करू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतील. तेल घालण्याआधी मात्र तिला कुठे दुखते ते विचारा. सायकलीला विचारा आणि घरातल्या माणसांनाही विचारा. आवाज थांबवा असे कुणाकडे मागू नका, दुखणे बरे करा असे मागा. आणि कोणी हात ठेवून जागा दाखवली, तर त्याच दिवशी आपलाही हात तिथे ठेवून पाहा. जयरामने अखेर तो ठेवला, याचे मला बरे वाटले असे मी म्हणू शकत नाही.

गौरेश लाकडे उचलून गेला. जयराम आणखी थोडा वेळ बोट ठेवून उभा राहिला, मग त्यानेही दार ओढून घेतले. कोंबडी परत सीटवर येऊन बसली.